स्टेंट म्हणजे तात्पुरती मलमपट्टी नव्हे
अपघातात महाधमनी (हृदयातून निघणारी शरीरातली मुख्य धमनी) फाटली, तर छाती उघडून केलेलं ऑपरेशनच कायमचं आणि स्टेंट ही तात्पुरती मलमपट्टी, हे तुमचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर बाईकवरून आपटलेल्या पोराची महाधमनी बहुधा डाव्या हाताची धमनी निघते त्याच्या जरा पुढे फाटते. सोबत बरगड्या मोडलेल्या, फुप्फुसाला मार, कधी डोक्यातही रक्तस्राव. अशा पोराची छाती उघडून महाधमनीला क्लॅम्प, म्हणजे रक्त थांबवणारा चिमटा, लावायचा? त्याने मज्जारज्जूचा (पाठीच्या कण्यातल्या मुख्य मज्जातंतूंचा) रक्तपुरवठा तुटून पाय कायमचे लुळे पडू शकतात. स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे कापडाचं आवरण असलेला स्टेंट, मात्र छाती न उघडता जांघेतल्या धमनीतून वर फाटलेल्या जागेपर्यंत सरकवतात. अमेरिकेतल्या रक्तवाहिनी सर्जनांच्या संघटनेनेही २०११ मध्ये यालाच पसंती दिली. पण पुढे वर्षानुवर्षं सीटी स्कॅन करत राहावं लागतं, आणि बरं वाटलं की पोरं फिरकतच नाहीत. हे डिस्चार्जच्या वेळीच घरच्यांना बजावून सांगायला हवं.