कुंडीतील अझेलिया हिवाळ्यात घरात कशी टिकवावी?

मेधा (लंडन):
नमस्कार. डिसेंबरच्या सुरुवातीला कळ्यांनी भरलेली गुलाबी अझेलिया घरी आणली आणि दिवाणखान्यात, रेडिएटरच्या वरच्या खिडकीत ठेवली. आता निम्म्या कळ्या उमलण्याआधीच तपकिरी होऊन वाळल्या आहेत. नव्या पानांचा रंग पिवळा पडला आहे, शिरा मात्र हिरव्याच आहेत. एक दिवसाआड नळाचे पाणी घालते, पण ते कडेने ओघळून लगेच खालच्या ताटलीत उतरते. खत कमी पडत असेल का?

श्रीकांत (एडिंबरा):
मेधाताई, फुलोऱ्यात असताना खत मुळीच घालू नका. कळ्या वाळण्याचे कारण बहुधा रेडिएटरची उष्ण, कोरडी हवा आणि मुळांना न मिळणारे पाणी हे आहे. घरात ठेवण्यासाठी विकली जाणारी अझेलिया मुख्यतः पूर्व आशियातील ऱ्होडोडेंड्रॉन सिम्सी या झुडपापासून तयार केलेल्या संकरित जातींची असते आणि तिला १० ते १५ अंश सेल्सिअसचा गारवा मानवतो. उजेड भरपूर पण हीटर बंद, अशी खोली किंवा पोर्च असेल तर आजच तिकडे हलवा.

पाणी कडेने ओघळते याचा अर्थ आतला पीटचा (कुंडीत मातीऐवजी वापरतात त्या दलदलीतील कुजलेल्या वनस्पतींचा) गोळा पूर्ण सुकला आहे. एकदा सुकलेले पीट वरून घातलेले पाणी शोषत नाही. कुंडी उचलून पाहा, ती हलकी लागेल. बादलीत पाणी घेऊन कुंडी काठापर्यंत बुडवा, बुडबुडे येणे थांबेपर्यंत (साधारण अर्धा तास) तशीच ठेवा आणि मग पूर्ण निथळू द्या. कुंडीभोवती चकचकीत कागद असेल तर तो काढून टाका, कारण त्यात साचलेल्या पाण्याने मुळे कुजतात.

वैशाली (रेडिंग):
श्रीकांतरावांशी सहमत आहे. मात्र पिवळ्या पानांचे कारण वेगळे, आणि माझ्या मते इथे तेच अधिक गंभीर आहे. लंडनचे पाणी चुनखडीच्या थरांतून येत असल्याने जड असते; तुमच्या किटलीच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, तोच चुना दर वेळी थोडा थोडा कुंडीत जातो. अझेलियाला साडेचार ते साडेपाच सामूची (pH; हा आकडा जितका कमी तितकी माती आम्ल) आम्लधर्मी माती लागते. सामू वाढला की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, आणि म्हणूनच शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. बादलीत पावसाचे पाणी साठवून तेच वापरा; ते संपले तर उकळून गार केलेले पाणी तात्पुरते चालेल, कारण उकळताना बराचसा चुना खाली बसतो. बहर संपल्यावर आम्लप्रिय झाडांसाठीचे चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातले लोह) द्या. पानांची खालची बाजूही तपासा. कोरड्या हवेत लाल कोळी ही पानांचा रस शोषणारी बारीक कीड लवकर पसरते.

मेधा:
दोघांचे मनापासून आभार. कुंडी खरोखरच हलकी होती आणि बादलीत बराच वेळ बुडबुडे येत राहिले. जाळी किंवा कोळी कुठे दिसला नाही. आता ती थंड पोर्चमध्ये ठेवली आहे. घरात मांजर आहे, तिला या झाडापासून काही धोका आहे का? आणि पुढच्या वर्षी हेच झाड पुन्हा फुलेल का?

श्रीकांत:
मांजरीला असलेला धोका खरा आहे. पानांत आणि फुलांत ग्रेयानोटॉक्सिन हे विष असते आणि थोडी पाने चघळली तरी मांजर आजारी पडू शकते, त्यामुळे पोर्चचे दार बंदच ठेवा.

झाड पुन्हा नक्की फुलू शकेल. सुकलेली फुले देठाशी खुडत राहा. बहर ओसरल्यावर हलकी छाटणी करून आम्लधर्मी मिश्रणात थोड्याच मोठ्या कुंडीत लावा, कारण मुळे बारीक आणि उथळ असतात. दहिवराची (गोठलेल्या दवाची) भीती संपली, म्हणजे मेअखेरीस, कुंडी बाहेर अर्ध्या सावलीत न्या. पुढच्या कळ्या उन्हाळ्याच्या उत्तरार्धात धरतात, म्हणून जूननंतर छाटणी करू नका. शरद ऋतूत झाड आत आणण्याची घाई करू नका: कळ्यांना काही आठवडे १० अंशांखालचा गारवा मिळाला नाही तर त्या नीट उमलत नाहीत. फक्त कडक दहिवर पडण्याआधी कुंडी पोर्चमध्ये घ्या.