चक्र, चाकुरा आणि वेटोळं : 'नारुतो'त कुंडलिनी शोधताना

प्रश्न :
घरात 'नारुतो' ही जपानी कार्टून मालिका बघणाऱ्या मुलांच्या तोंडी दिवसभर 'चाक्रा' असतो. 'त्याचा चाक्रा संपला', 'चाक्रा साठवतोय'. त्यात ओरोचिमारू नावाचं एक सापासारखं पात्रही आहे. चक्रही आहे आणि सर्पही आहे, म्हणजे ही कुंडलिनीच, असं बरेच जण ठामपणे सांगतात. शब्दार्थाच्या अंगाने हे टिकतं का? आणि मराठीत लिहिताना 'चक्र' लिहावं की 'चाक्रा'?

प्रतिसाद :
शब्द आपल्याकडचाच आहे, पण तिकडे जाऊन त्याने अर्थ बदललाय. मासाशी किशिमोतो यांची ही मांगा, म्हणजे मालिकेमागची मूळ जपानी चित्रकथा, १९९९ ते २०१४ या काळात ७०० प्रकरणांत आली. तिच्यात हा शब्द चिनी चित्रलिपीत लिहीत नाहीत. परक्या शब्दांसाठी जी काताकाना लिपी वापरतात तिच्यात लिहितात, आणि उच्चार होतो 'चाकुरा'. शरीराची ताकद आणि मनाची ताकद एकत्र करून जी ऊर्जा तयार होते, ती चाकुरा.

फरक पकडायचा तर क्रियापदं बघा. योगात चक्राचा 'भेद' होतो, म्हणून तर षट्चक्रभेद म्हणतात. चक्र ही जागा आहे. मूलाधार चार पाकळ्यांचं, स्वाधिष्ठान सहा, मणिपूर दहा, अनाहत बारा, विशुद्ध सोळा आणि आज्ञाचक्र दोन पाकळ्यांचं. मिळून ५० पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीवर वर्णमालेतलं एक अक्षर. शक्ती वाहते ती या जागांमधून. मांगात मात्र चाकुरा साठतो, संपतो, उसना देता येतो. आणि तो तयार करण्यासाठी जपानीत 'नेरू' हे क्रियापद येतं, म्हणजे मळणे. पीठ मळायलाही तेच क्रियापद. जी गोष्ट मळता येते ती चक्र कशी असेल? आपण जिला प्राण किंवा शक्ती म्हणतो, तिच्या जागी तो शब्द बसलाय.

मग जागा कुठे गेल्या? त्या मालिकेतल्या शरीरातल्या आठ 'दारां'मध्ये आहेत, पण ती दारं योगातली नाहीत. त्यांची नावं 'छी मन तुन च्या' या जुन्या चिनी भविष्यविद्येतून आली आहेत. क्रमही उलटा आहे. पहिली दोन दारं डोक्यात आणि शेवटचं, मृत्यूचं दार हृदयात. आपल्याकडे चढण मूलाधारापासून सुरू होते. मालिकेतला रॉक ली एकामागून एक दारं उघडतो ते दृश्य पाहून चक्रजागृती आठवणं साहजिक आहे, पण तिथे दार उघडणं म्हणजे शरीराने स्वतःला घातलेला लगाम तोडणं.

फिरणारं चाक या मालिकेत आहे, पण ते डोळ्यांत आहे. 'शारिंगान' आणि 'रिन्नेगान' या तिथल्या दोन अद्भुत डोळ्यांच्या नावांत 'रिन' म्हणजे चाक हे चित्राक्षर आहे. धर्मचक्रासाठी जपानी बौद्ध ग्रंथांत जे अक्षर वापरतात तेच. 'रिन्ने' म्हणजे जन्ममरणाचा फेरा. म्हणजे चक्राचा अर्थ एका शब्दात राहिला आणि ध्वनी दुसऱ्याच शब्दाला मिळाला. मला तरी या मालिकेतली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

प्रश्न :
पटलं. पण साप? ओरोचिमारूचं काय?

प्रतिसाद :
'ओरोची' म्हणजे अजस्र सर्प. इ.स. ७१२ च्या 'कोजिकी' या जपानी पुराणकथांच्या ग्रंथात आठ डोक्यांचा यामाता नो ओरोची आहे. सुसानोओ देव त्याला दारू पाजून मारतो आणि त्याच्या शेपटीत तलवार सापडते. ओरोचिमारूच्या तलवारीचं नाव कुसानागी आहे ते यामुळेच. ओरोचिमारू आणि मालिकेतले त्याचे दोन साथीदार जिराइया आणि त्सुनादे, ही तिन्ही नावं १९ व्या शतकातल्या एका जपानी लोककथेतली आहेत. तिथेही साप, बेडूक आणि गोगलगाय अशीच त्यांची वाटणी आहे.

मालिकेत हा सर्प वर चढत नाही, तो कात टाकतो. लहानपणी आईवडिलांच्या थडग्यापाशी त्याला पांढऱ्या सापाची कात सापडते. पांढरा साप म्हणजे सुदैव आणि पुनर्जन्म, असं गुरू सांगतात. पुढे तो मरण टाळण्यासाठी एकामागून एक शरीरं बदलत जातो. कुंडलिनीचा साधक देहभाव ओलांडू पाहतो, हा देहालाच चिकटून आहे.

कुंडलिनीशी मिळतंजुळतं काही हवंच असेल तर नायकाच्या पोटाकडे बघा. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात म्हटलंय :

नागाचें पिलें । कुंकुमें नाहलें ।
वळण घेऊनि आलें । सेजे जैसें ॥
तैसी ते कुंडलिनी । मोटकी औट वळणी ।
अधोमुख सर्पिणी । निदेली असे ॥

'मोटकी' म्हणजे लहानशी, 'औट' म्हणजे साडेतीन. औटकीचा पाढा ऐकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. साडेतीन वेढे घालून निजलेली शक्ती. आता नारुतोच्या बेंबीभोवतीची मोहर आठवा : वेटोळं. आत कोंडलेला नऊ शेपट्यांचा कोल्हा. त्याचं आडनाव उझुमाकी, म्हणजे भोवरा. कोंडलेली शक्ती आहे, नाभी आहे, वेटोळंही आहे, फक्त साप नाही. हे कर्त्याच्या मनात होतं असा माझा दावा नाही. पण साम्य शोधायचंच तर ते इथे आहे, ओरोचिमारूत नाही.

दुसऱ्या वाचकाची भर :
मालिकेतले इंद्र आणि अशुरा हे दोघे भाऊ विसरू नका. आणि पेन या खलपात्राच्या सहा देहांची नावं देव, असुर, मनुष्य, तिर्यक्, प्रेत, नरक अशीच आहेत.

प्रतिसाद :
बरोबर, पण ती सगळी बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे गेलेली आहेत. या सहा गती, म्हणजे पुनर्जन्माचे सहा प्रकार, जपानमध्ये शतकानुशतकं घरच्याच आहेत. ऊर्जेच्या अर्थाने चाकुरा मात्र अलीकडचा.

वापराबद्दल : मालिकेपुरतं 'चाक्रा' लिहावं, ते मुलांच्या तोंडी रुळलंय. 'त्याचं चक्र संपलं' असं मराठीत लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीतरी भलतंच वाटेल. हातांच्या खुणांना 'मुद्रा' चालेल, अर्थ तोच आहे. नेजी हे पात्र शत्रूच्या शरीरावरचे जे चाक्राचे बिंदू बोटांनी बंद करतं, त्या ३६१ 'तेनकेत्सु'ना काहीजण 'मर्म' म्हणतात, ते मात्र टाळावं. सुश्रुताची मर्मं १०७ आहेत, आणि ३६१ हा आकडा चिनी सुईउपचारातल्या बिंदूंचा आहे. तिथे 'बिंदू' पुरे.