फुकटचं शिबिर : सेवा की गिऱ्हाईक गोळा करणं?

रताळीवाला
आमच्या गावातल्या दवाखान्याचे डॉक्टर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मारुतीच्या देवळात फुकट बीपी-शुगर तपासतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला येऊन बायकांना रक्त कमी का होतं तेही सांगून गेले. माझ्या काकूचं बीपी देवळातच सापडलं, १७०/१००. तोवर ती "ऊन लागलंय" म्हणून कपाळाला बाम चोळत होती. आता गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो देवमाणूस, दुसरा म्हणतो हा गळ आहे. मी पहिल्यात. तुमचं काय?

वडगावचा माग
दुसऱ्यात. आमच्या गल्लीतलं शिबिर सांगतो. आई पोहे आणि साखरेचा चहा घेऊन गेली. तासाभरात बोट टोचलं, मशीनवर १६८. चिठ्ठीवर १६८ लिहून त्याभोवती लाल पेनानं गोल, खाली दवाखान्याचा शिक्का आणि "उद्या या". बिचारी रात्रभर छताकडे बघत पडली. अहो, खाऊन आलेल्या माणसाची १६८ म्हणजे मधुमेह नव्हे! उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, आणि तेही पुन्हा तपासून, मग बोला. दुसऱ्या दिवशी तपासण्यांचे सातशे रुपये गेले आणि उपाशीपोटीची आली ९४. तो लाल गोल कशासाठी होता, हे मला अजून कळलेलं नाही.

रताळीवाला
हे चूकच. पण एकाच्या लाल पेनासाठी सगळ्यांना झोडपायचं?

खानापूरचा पाऊस
शुगर सोडा. आमच्याकडे भातलावणीच्या आधी एक डॉक्टर येऊन सापाचं सांगून जातात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारींवर एकच लस, आणि ती सरकारी दवाखान्यात फुकट. ब्लेडनं कापू नका, दोरी आवळू नका, हातपाय हलू देऊ नका, गाडी काढा. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या पोराला मांत्रिकाकडे न नेता थेट तालुक्याला नेलं, ते या भाषणामुळं. कर्नाटकानं २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची केली, चांगलंच झालं. पण कागदावरची नोंद बांधावर येऊन बोलत नाही. यातून त्या डॉक्टरांना कुठलं गिऱ्हाईक मिळालं? साप चावलेला माणूस त्यांच्याकडे जातच नाही.

कायद्याचं बोला
पण फ्लेक्स? यात्रेच्या कमानीवर डॉक्टरांचा हात जोडलेला फोटो, शेजारी आमदारांचा. रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करू नये, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेत २००२ पासून लिहिलंय. माहिती द्या, फोटो कशाला?

निपाणीकर
आमच्याकडचं शिबिर बघा. विडी वळणाऱ्या बायकांना बोलावलं, मांडीवर सूप, सुपात तंबाखू. साहेब माईकवर म्हणाले, "तंबाखूपासून लांब राहा." मागून एक मावशी म्हणाली, "मग पोटापासून पण लांब राहू काय?" हसू आलं, पण तोंडाला फडकं बांधा, खिडकी उघडी ठेवा, खोकला पंधरा दिवसांवर गेला तर थुंकी तपासा, एवढं कोणी सांगितलं नाही.

सीमावासी
मुळात महाराष्ट्रानं २०२३ मध्ये कर्नाटकातल्या आपल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना देऊ केली, कर्नाटकानं हरकत घेतली. तो प्रश्न सुटला असता तर...

कायद्याचं बोला
दादा, तो वेगळा धागा. इथं शुगर चाललीय.

गावची आशा
मी आशा कार्यकर्ती. दोघांनाही सांगते. शिबिरं होऊ देत, पण वही ठेवा. देवळात सत्तर जणांची बोटं टोचली, कुणाची किती आली ते मला माहीत नाही. आम्ही तिशीच्या वरच्यांची यादी घरोघरी फिरून भरतो, बीपी-शुगरच्या गोळ्या आरोग्य केंद्रात फुकट असतात. डॉक्टरांनी नुसती नावं दिली तरी मी मागे लागेन. गोळी चार दिवस घेऊन "बरं वाटलं" म्हणून सोडणारे खूप.
एक मात्र खरं. केंद्रातला कागद कन्नडमध्ये. म्हाताऱ्या मला म्हणतात, "तुझा कागद कळना, तो डॉक्टर आपल्या भाषेत सांगूलालाय." म्हणून माणसं तिकडं जातात, फुकट आहे म्हणून नव्हे.

वडगावचा माग
ताई, हे पटलं. म्हणजे भाषा त्यांची, वही तुमची. पण वही देतील? वही म्हणजेच तर त्यांचं गिऱ्हाईक.

रताळीवाला
आजच डॉक्टरांना भेटलो. म्हटलं, बोर्डावर "उपाशीपोटी या" लिहा. म्हणाले, उपाशी म्हातारी माणसं दहापर्यंत रांगेत उभी राहून चक्कर येऊन पडली तर? शेवटी सकाळी सातला सुरू करायचं ठरलं. वहीचं विचारल्यावर जरा थांबले, मग म्हणाले, ज्याची हरकत नसेल त्याचं नाव आशाताईंना देतो.

वडगावचा माग
आणि लाल पेन?

रताळीवाला
ते तुमच्या गल्लीतल्या डॉक्टरांना तुम्हीच विचारा. आमच्याकडे निळं आहे.