मदत हवी आहे: तृचाकल्प नमस्कार कोणाला येतात का?

नमस्कार मंडळी. रथसप्तमीला सोसायटीच्या गच्चीवर सामुदायिक सूर्यनमस्कार घालायचे ठरलंय. मित्राय, रवये, सूर्याय ही बारा नावं सगळ्यांना पाठ आहेत. पण आमचे काका तृचाकल्प पद्धतीने घालतात. म्हणजे आधी बीजमंत्र, मग ऋग्वेदातल्या ऋचेचा तुकडा, पुन्हा बीज आणि शेवटी नाव: 'ॐ ह्रां उद्यन्नद्य मित्रमहः ह्रां ॐ मित्राय नमः'. ऋचा पहिल्या मंडलातल्या ५०व्या सूक्तातल्या, शेवटच्या तीन. त्यात सूर्याला हृद्रोग आणि कावीळ घालवायला विनवलंय. म्हणजे हा नुसता व्यायाम नव्हे, सरळ आरोग्याचं मागणं आहे! मला हे फार आवडतं.

अडचण अशी की काकांना आता दम लागतो, आणि त्यांचं पुटपुटणं मोबाइलवर नीट रेकॉर्डही होत नाही.

तर, स्वरांसकट म्हणणाऱ्या कोणाचं स्पष्ट रेकॉर्डिंग आहे का? ऋचा स्वराशिवाय म्हटल्या तर चालतं का? बारा नमस्कारांनंतर तुकडे मोठे होत जातात, तो क्रम कोणी लिहून देईल का? आणि मंत्र उभ्याने पूर्ण म्हणून मग वाकायचं ना? पोरं वाकता वाकताच म्हणतात, अर्धा मंत्र सतरंजीत जातो.