एसएनसीयूत आईला आत घेणं: भागीदारी की फुकटचे हात?

कोथिंबीरवडी
भावजयीचं बाळ बत्तिसाव्या आठवड्यात झालं, वजन १३८० ग्रॅम. सरकारी रुग्णालयातला एसएनसीयू, म्हणजे आजारी आणि कमी वजनाच्या नवजात बाळांचा कक्ष. तीन दिवस ती बाहेरच्या बाकावर. दूध काढायचं, वाटी आत पाठवायची, काचेतून बघायचं. चौथ्या दिवशी सिस्टरनी आत बोलावलं. पहिला खोडा बांगड्यांचा. कोपरापर्यंत हात धुवायचे तर त्या उतरवायला हव्यात, आणि आमची आई अडून बसली, ओल्या बाळंतिणीचे हात मोकळे कसे ठेवायचे म्हणून. सिस्टर म्हणाल्या, "आजी, घरी गेल्यावर दुप्पट भरा." विषय मिटला.

मग टोपडं, मोजे आणि लंगोट एवढ्यावरच बाळाला तिच्या उघड्या छातीवर उभं ठेवलं, पाय बेडकासारखे दुमडून, मान एका अंगाला. वरून कापडानं बांधलं. "मशीनकडे नका बघू, ओठांकडे बघा," हे सिस्टरनी तीनतीनदा बजावलं. सहाव्या रात्री वहिनीला ओठ काळपट दिसले. तिनं हाक मारली, सिस्टर धावत आल्या, तळपाय चोळले, बाळानं श्वास घेतला.

माझं म्हणणं साधं आहे. आई ही कक्षातली पाहुणी नव्हे. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात पालकांना शिकवून आत घेतलं, तर संसर्ग वाढला नाही आणि अंगावर पिणारी बाळं वाढली. २०१७ साली केंद्राच्या आरोग्य खात्यानं त्यावर मार्गदर्शक सूचनाही काढल्या. तरी कित्येक ठिकाणी दार बंदच. का?

रात्रपाळी
का ते सांगते. सतरा वर्षं स्टाफ नर्स आहे, त्यातली सहा एसएनसीयूत.

नाईटला आम्ही दोघी, बाळं चौदा. परिचर्या परिषदेचा निकष साध्या वॉर्डातसुद्धा तीन ते पाच रुग्णांमागे एक नर्स असा आहे, आणि इथली बाळं साध्या वॉर्डातली नाहीत. एका आईला हात धुण्यापासून नळीनं दूध देण्यापर्यंत नीट शिकवायचं तर पाऊण तास जातो. तो ड्युटीत कुठे धरतात? कुठेच नाही. उद्या आईच्या हातून दूध श्वासनलिकेत गेलं तर मेमो कुणाला? मला. नातेवाईक अंगावर कुणाच्या धावणार? माझ्याच.

तुमच्या वहिनीनं हाक मारली हे चांगलंच झालं. पण बाळाचे ओठ बघायला त्या रात्री आईच उरली होती, याचा राग नाही आला तुम्हाला? भागीदारी म्हणता, मला त्यात भरती न झालेल्या पदांचा वास येतो.

कोथिंबीरवडी
राग आला. पण त्यासाठी दार बंद ठेवायचं? बाळाला असं उघड्या छातीशी बांधायची ही कांगारू पद्धत निघाली तीच मुळी टंचाईतून. १९७८ साली कोलंबियात, बोगोटाला इन्क्युबेटर पुरेनात म्हणून. आणि आज? २०२१ साली भारतासह पाच देशांतला प्रयोग प्रसिद्ध झाला. १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर छातीशी घेतलं, तर पहिल्या २८ दिवसांत शंभरात १२ दगावली. स्थिर होईपर्यंत थांबवलेल्यांत १५.७. हे उणं भरून काढणं नव्हे, हा उपचार आहे.

रात्रपाळी
तो प्रयोग मीही वाचलाय. त्यात आईला कक्षातच पलंग होता! तिची तपासणी, तिची औषधं, सगळं तिथेच. आमच्याकडे सिझेरियनचे टाके घेऊन बाई प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चार तास बसते. लघवीला जायचं तर मजला उतरून. भागीदाराला आधी पाठ टेकायला जागा द्या, मग आकडे सांगा.

उंबरठा
मी तिसऱ्या बाजूची. माझी मुलगी अठ्ठाविसाव्या आठवड्यातली. सिस्टर प्रेमानं बोलवायच्या आणि माझे हात कापायचे. एकदा नळी धरायला दिली, मी रडत बाहेर आले. मावशी म्हणाल्या, "कशी आई आहेस गं!" ते अजून टोचतं. आत येण्याचा हक्क हवा, कबूल. पण "आज नको" म्हणायचाही हवा. मला तेव्हा फक्त तिचं बोट धरायचं होतं.

कोथिंबीरवडी
उंबरठा, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. वहिनी धीट निघाली, म्हणून मी सगळ्यांना तिच्या मापानं मोजलं.

रात्रपाळी
बोट धरणंही चालतं हो. तेवढ्यानंही बाळ शांत होतं, मी रोज बघते.

मी दार बंद ठेवा म्हणत नाहीये. पण आईला शिकवायचं तर तेवढ्यापुरती एक जादा सिस्टर द्या. नळीचं दूध आमच्याकडेच असू द्या, वाटी-चमचा तिच्याकडे. आणि आमच्या नोंदवहीत आईनं काय पाहिलं, यासाठी रकाना नाही. "आईने सांगितले: ओठ काळपट, रात्री २.१०" असं मी समासात लिहिते आणि राउंडला डॉक्टर विचारतात, हे काय मध्येच.

दुसरा चहा
वाद थोर आहे, पण बापांचं काय? आमचं बाळ दीड किलोचं, बायको अजून आयसीयूत. मला आत घेतील का? आणि छातीवर केस आहेत, बाळाला त्रास होईल का? हसू नका.

रात्रपाळी
हसत नाहीये. इन्चार्ज सिस्टरना विचारा, आमच्याकडे घेतात. केस चालतात. आंघोळ करून, पुढून उघडणारा शर्ट घालून या. सेंट, पावडर, तंबाखू काही नको. खोकला असेल तर त्या दिवशी येऊ नका. आणि येण्याआधी जेवून या, एकदा बांधलं की तासभर तरी उठायचं नाही.