मदत हवी आहे: मी गंगाखेडला, विद्यार्थिनी परळीची, मध्ये दोन विद्यापीठं. पीएच.डी.चा गाईड होता येईल का?

गोदाकाठचा मास्तर:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

गंगाखेड ते परळी म्हणजे रेल्वेनं जेमतेम तासाचा रस्ता, गाडी वेळेवर असली तर. पण गंगाखेड पडलं परभणी जिल्ह्यात, म्हणजे नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. परळी बीड जिल्ह्यात, म्हणजे संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. माझं घोडं नेमकं या शिवेवर अडलंय.

मी गंगाखेडच्या एका अनुदानित कॉलेजात मराठी शिकवतो. त्याआधी ११ वर्षं तासिका तत्त्वावर (तासाच्या मानधनावर) काढली. तीन कॉलेजं, दोन तालुके, एकच मोटारसायकल. मग राज्यातल्या त्या २०८८ सहायक प्राध्यापकांच्या भरतीत एकदाचा लागलो. विद्यापीठाची मान्यता आली, परिवीक्षा संपली, कायम झाल्याचं पत्र फायलीत आहे. पीएच.डी. नांदेडचीच.

तासिकेच्या काळात परळीला शिकवायचो तेव्हाची एक विद्यार्थिनी. एम. ए. झाली, आता एका खासगी शाळेवर आहे. तिनं आज्जीकडून आणि गल्लीतल्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्यात, जनाबाईचं नाव येणाऱ्या. विठ्ठल जनीला दळू लागतो ती गोष्ट प्रत्येक बाई वेगळी गाते, कुणी त्यात आपली सासू घालते, कुणी नणंद. २०० च्या वर ओव्या वहीत उतरवल्यात लेकरानं. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत तिला फक्त पीएच.डी. प्रवेशापुरती पात्रता मिळाली आणि ते गुण एकच वर्ष धरतात. ती म्हणते, सर, गाईड तुम्हीच व्हा. जनाबाईच्या गावात बसून तिला नाही कसं म्हणू?

आता अडचणी. मला अजून गाईडशिपची मान्यता नाही. लेख पाच आहेत: दोन केअर यादीतल्या (यूजीसीची मान्य नियतकालिकांची यादी) नियतकालिकांत, एक अशात जे पुढं यादीतून बाहेर पडलं, आणि दोन चर्चासत्रांच्या अंकांत (त्यांना आयएसएसएन आहे). आमच्या कॉलेजात एम. ए. समाजशास्त्राचं आहे, मराठी बी. ए. पर्यंतच. आणि मुलगी दुसऱ्या विद्यापीठाची. स्टाफरूममधले तिघं तीन गोष्टी सांगायलेत. एक म्हणतात आधी पदव्युत्तर शिकवायची मान्यता काढ. दुसरे म्हणतात एम. ए. चा वर्ग नाही तर गाईडशिप विसर. तिसरे म्हणतात तिची नोंदणी संभाजीनगरलाच होईल, तू तिथं अर्ज कर. कुणाचं खरं?

विष्णुपुरी रिटर्न:

सर, तिसऱ्यांचं म्हणणं आधी मोडीत काढतो, कारण त्यात वर्ष वाया जाईल.

सध्या लागू आहेत ते यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२२ चे पीएच.डी. नियम, ७ नोव्हेंबर २०२२ ला अधिसूचित झालेले. त्यात स्पष्ट आहे की शिक्षक ज्या विद्यापीठात किंवा त्याच्या संलग्न पदव्युत्तर महाविद्यालयात नोकरीला आहे, तिथंच तो मुख्य मार्गदर्शक. बाहेरच्या विद्यापीठात त्याला फक्त सहमार्गदर्शक होता येतं. म्हणजे संभाजीनगरला अर्ज करून तुम्ही तिचे गाईड होणार नाही. उलट त्या विद्यापीठात नोकरीला नसलेल्या माणसाच्या मार्गदर्शनाखाली पदवी दिली तर तो नियमभंग धरला जातो, त्याचा त्रास मुलीलाच.

पण मुळात मुलीनं परळीत राहून नांदेडला नोंदणी करायला कोण अडवतंय? पीएच.डी.ला तालुका लागत नाही. तिकडून स्थलांतर प्रमाणपत्र काढायचं, इकडं पात्रतेचा अर्ज करायचा, झालं. जिल्ह्याची शीव संलग्नतेसाठी आहे, विद्यार्थ्यासाठी नाही. तुम्ही दोघं उगाच तिला कुंपण समजून बसलात.

लेखांबद्दल. सहायक प्राध्यापकाला पीएच.डी. आणि किमान तीन शोधनिबंध लागतात, सहयोगी आणि प्राध्यापकांना पाच. जुन्या २०१६ च्या नियमांत सहायकाला दोनवर भागायचं, स्टाफरूममध्ये अजून तोच आकडा फिरत असतो. निबंध समीक्षित नियतकालिकातले हवेत. केअर यादी यूजीसीनं २०२५ मध्ये बंदच केली, त्यामुळं 'यादीत आहे का' यापेक्षा 'लेख तज्ज्ञाकडं तपासायला गेला होता का' हे दाखवावं लागेल. यादीतून बाहेर पडलेल्या तिसऱ्या लेखाचं म्हणून घाबरू नका. छापला तेव्हा नियतकालिक यादीत होतं याचा पुरावा आणि समीक्षकांच्या शेऱ्यांचा ईमेल असेल तर जोडा. चर्चासत्राचे दोन मात्र मोजू नका. आयएसएसएन हा नुसता नोंदणी क्रमांक. तो दिवाळी अंकालाही मिळतो. त्यानं लेख कुणी तपासला असं सिद्ध होत नाही. आपल्याकडं निम्मे लोक इथंच फसतात, हजार-दोन हजार भरून लेख छापून आणतात आणि मग आरआरसीत (संशोधन मान्यता समितीत) उत्तर देता येत नाही.

निवृत्त पण रिकामा नाही:

मास्तर, १९९४ आधी हा प्रश्न पडलाच नसता. गंगाखेड काय नि परळी काय, सगळा मराठवाडा संभाजीनगरच्या लेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या एकाच विद्यापीठाला जोडलेला. आमचा गाईड तिकडं, आम्ही नांदेडला. एका सहीसाठी रात्रीच्या एसटीनं जायचं, सकाळी सही घ्यायची, दुपारी परत. १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडचं वेगळं झालं आणि त्या एसटीतून आमची सुटका झाली.

तुमच्या पहिल्या सहकाऱ्याचं. पदव्युत्तर वर्गाला शिकवायची मान्यता ही एक फाईल, मार्गदर्शकाची मान्यता ही दुसरी. एक असली म्हणजे दुसरी आपोआप मिळत नाही. माझ्या ओळखीत १५ वर्षं एम. ए. शिकवलेले पण एकही विद्यार्थी न घेतलेले सर आहेत, आणि उलटंही आहे. दोन्ही अर्ज एकदमच करा. कागदं तीच लागतात, एकदाच झेरॉक्स काढा.

दुसऱ्या सहकाऱ्याचा मुद्दा मात्र झटकू नका, तो वजनाचा आहे. नियमात शब्द आहे 'संलग्न पदव्युत्तर महाविद्यालय'. तुमचं कॉलेज पदव्युत्तर आहे, पण विषय वेगळा. या कोड्याचं उत्तर नियमाच्या कागदात नाही, विद्यापीठाच्या परिनियमात आणि समितीच्या वाचनात आहे. तिथं लेखी विचारा. तोंडी उत्तर मिळालं तर ते परतीच्या गाडीत विरघळतं.

समजा तुम्हाला मान्यता मिळाली, तरी मुलगी बसणार कुठं? तिला मराठीचं संशोधन केंद्र लागेल. विद्यापीठातलं भाषा संकुल किंवा परभणीतलं एखादं मान्य केंद्र असं दोन्हीकडं विचारून ठेवा.

आणखी एक, हे मी स्वतः भोगलंय. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली की नवा विद्यार्थी घेता येत नाही. जुने निवृत्तीपर्यंत मुख्य गाईड म्हणून सांभाळता येतात, नंतर सहमार्गदर्शक म्हणून, तेही ७० वर्षं वयापर्यंत. माझ्या शेवटच्या दोघांचं तसंच झालं. तुमचं वय नाही तसं, पण एखाद्या ज्येष्ठाच्या नावावर तिला तात्पुरतं बसवायचा विचार असेल तर आधी त्यांची जन्मतारीख पहा. हसू नका, लोक बघत नाहीत.

घड्याळी तास:

माझा प्रश्न याच धाग्यात चालेल का? पीएच.डी. आहे, सेट (राज्याची पात्रता परीक्षा) आहे, तपासून घेतलेले सात निबंध आहेत. एम. ए. प्रथम आणि द्वितीय दोन्ही वर्षांना शिकवतो. दरवर्षी जूनमध्ये मुलाखत, मार्चमध्ये निरोप. माझे दोन विद्यार्थी पीएच.डी. करायलेत, त्यांचे आराखडे मीच वाचून दिले. गाईडच्या रकान्यात मात्र ज्यांनी तो विषय कधी हाताळला नाही असे कायम सर. माझं नाव आभारात येणार.

विष्णुपुरी रिटर्न:

भाऊ, नियमात शब्द 'कायम' आहे, त्यामुळं तासिकेवर मुख्य मार्गदर्शक होता येत नाही. अभ्यागत म्हणून नेमलेल्यांनाही सहमार्गदर्शकाच्या पलीकडं जागा नाही. पण सहमार्गदर्शक त्याच विभागातला, दुसऱ्या विभागातला किंवा दुसऱ्या संस्थेतला घेण्याची सोय आहे, सक्षम प्राधिकाऱ्यानं मंजुरी दिली तर. तुमच्या कायम सरांनी तशी शिफारस करावी. त्यांना ती करावीशी वाटेल का, हे मात्र तुम्हीच जाणता.

घड्याळी तास:

वाटेल. पण मार्चनंतर.

ओवी:

मास्तर, मी विद्यार्थी बाजूनं लिहिते. तुमच्या मुलीला तीन गोष्टी आधी सांगा.

नोकरी सोडायची नसेल तर अर्धवेळ नोंदणी होते. शाळेचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात नुसतं 'हरकत नाही' असून चालत नाही. अभ्यासाला वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळं सोडू, असंही लिहून घ्यावं लागतं. खासगी संस्थाचालक हे दुसरं वाक्य लिहायला कुरकुरतात. बार्टी, सारथी किंवा महाज्योती या सरकारी संस्थांची फेलोशिप घ्यायची असेल तर मग पूर्णवेळच, नोकरी नाही. घरी बसून हा हिशेब आधी मांडा.

कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं (क्रेडिटचं) असतं आणि दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढं सादरीकरण द्यावं लागतं. परळीहून नांदेड तिला किती वेळा झेपेल, तेही बोलून घ्या. पहिल्या सादरीकरणाला मी पाऊण तास उशिरा पोचले होते, पोटात गोळा आला होता.

तिसरं जरा नाजूक आहे. माझं लग्न कोर्सवर्कनंतर झालं आणि सासर दुसऱ्या विद्यापीठाच्या हद्दीत. मला वाटलं संपलं. पण लग्नामुळं किंवा तशाच कारणानं मुलीला जागा बदलावी लागली तर तिचं संशोधन नव्या संस्थेत हलवता येतं, ही तरतूद नियमातच आहे. माझ्या जुन्या सरांना ती माहीतच नव्हती, मी छापून नेली तेव्हा पटली. मुदत सहा वर्षं, पुनर्नोंदणीनं आणखी दोन, बायकांना त्यावर अजून दोन. बाळंतपण आणि बालसंगोपनाची मिळून २४० दिवसांची रजा वेगळी. तिच्या आईवडिलांना हे आकडे सांगाल तर निम्मा विरोध तिथंच मावळेल.

गोदाकाठचा मास्तर:

सगळ्यांचे आभार. ओवीताई, हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या घरी स्थळं बघायलेत, त्यामुळं तुमचं तिसरं मी आज रात्रीच कळवतो.

एक शंका उरली. समजा माझी मान्यता वेळेत आली नाही. रिक्त जागांची जाहिरात निघेल तेव्हा माझं नाव यादीत नसेल, आणि तिच्या नेटच्या गुणांचं वर्ष तर सरत चाललंय. तिनं दुसऱ्या गाईडकडं प्रवेश घेतला आणि मी सहमार्गदर्शक राहिलो तर चालेल का? मला नावाचा सोस नाही. विषय बदलू नये एवढंच.

विष्णुपुरी रिटर्न:

चालेल, आणि खरं सांगायचं तर तेच शहाणपणाचं. सहायकाला एका वेळी चार विद्यार्थी, सहयोगीला सहा, प्राध्यापकाला आठ. ज्यांच्याकडं जागा रिकामी आहे असे गाईड शोधा. विद्यापीठानं गाईडनिहाय यादी, त्यांच्याकडचे विद्यार्थी आणि विषय संकेतस्थळावर ठेवणं बंधनकारक आहे, तिथून कळेल. प्रवेशात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन आहे, म्हणून मुलाखतीत तिला वही घेऊन जाऊ द्या. शोधगंगेवर (प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) जनाबाई आणि ओव्यांवरचे आधीचे प्रबंधही तिनं बघून ठेवावेत, 'यात नवं काय' हा प्रश्न हमखास येतो.

लोकसाहित्यात समीक्षित मराठी नियतकालिकं कमी आहेत. अशा विषयांत निबंधांची अट शिथिल करायची मुभा विद्यापीठाला आहे, मात्र कारण लेखी नोंदवून. तुमच्या अर्जात हा मुद्दा एका परिच्छेदात मांडा. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

निवृत्त पण रिकामा नाही:

मास्तर, एक विचारतो. त्या आज्जीचं वय काय?

गोदाकाठचा मास्तर:

८४. मागच्या पावसाळ्यात पडल्या, तेव्हापासून जात्याजवळ बसत नाहीत. बाजेवर बसून म्हणतात.

निवृत्त पण रिकामा नाही:

मग अर्ज, मान्यता, जागा हे चालू द्या त्यांच्या गतीनं. वहीत शब्द उतरलेत, चाल उतरली नाही. ती आत्ताच घ्या. त्याला कुणाची मान्यता लागत नाही.

गोदाकाठचा मास्तर:

रविवारी सकाळच्या गाडीनं जातोय परळीला. रेकॉर्डर घ्यावा का? कुठला बरा, फार महाग नको.

ओवी:

मोबाईल पुरतो. दोन मोबाईल ठेवा, एक आज्जींजवळ. आणि पंखा बंद करा, आवाज सगळा तोच खातो.