शेवटी नवरा कोण? मालिकेतल्या ज्या वळणावरून घरात वाजलं, ते अनुभव इथे लिहा

वाटीभर_साखर

काल शेजारच्या काकूंची वाटी परत करायची होती. रिकामी कशी द्यायची म्हणून चार अळूवड्या घातल्या आणि लेकाला पिटाळलं. पाच मिनिटांत स्वारी परत, हातात तीच वाटी, आता त्यात लिंबाचं लोणचं. दारातच हसू फुटलं मला आणि एकदम 'रिप्लाय १९८८' या कोरियन मालिकेचा पहिला भाग डोळ्यांसमोर आला. सोलमधली संगमुन-डोंगची ती गल्ली, जेवायच्या वेळी प्रत्येक आई पोराच्या हातात काहीतरी देऊन शेजारी पाठवते, पोरं भांडी घेऊन गल्लीत एकमेकांना ओलांडत पळतात आणि शेवटी प्रत्येकाच्या ताटात चार घरांचं जेवण.

आणि मग पाठोपाठ ते भांडण आठवलं. २०२०चा लॉकडाऊन, मी पुण्यात, धाकटी बहीण नाशकात. रोज रात्री दोघींनी आपापल्या घरी एकच भाग बघायचा आणि मग फोनवर चर्चा, असं ठरलेलं. वीस भाग आहेत, एकेक दीड-दीड तासाचा, पण त्या दिवसांत वेळच वेळ होता. गल्लीतल्या दोक-सनचा नवरा पुढे कोण होतो, हे मालिका शेवटपर्यंत लपवून ठेवते. मी पहिल्यापासून जंग-ह्वानची. ती तेकची. अठराव्या भागानंतर (ज्यांनी पाहिलंय त्यांना कळलंच असेल) मी फोनवर रडत होते आणि ती म्हणाली, "ताई, गप्प बसला तो, आता काय करणार." मी फोन ठेवला. चार दिवस बोललो नाही. सख्ख्या बहिणी, एका कोरियन मुलावरून!

मला अजूनही वाटतं की लेखिकेने दोक-सनवर अन्याय केला. नवरा कोण हे कोडं शेवटपर्यंत टिकवायचं म्हणून तिच्या मनात काय चाललंय ते आपल्याला दाखवलंच नाही. मुलांची मनं दिसतात, तिचं दिसत नाही.

तुमचं कोणत्या मालिकेवरून, कोणाशी वाजलं? कोरियन, जपानी, पाकिस्तानी, कुठलीही चालेल. पुढे सगळी गुपितं फुटणार आहेत, सांभाळून वाचा.

खिडकीपाशी

जंग-ह्वान!!! गुलाबी शर्ट!!! दोक-सनने दिलेला शर्ट त्याच्या भावाच्या अंगावर बघून तिला वाटतं याने देऊन टाकला आणि तो काहीच बोलत नाही. एक वाक्य बोलला असता रे, एक वाक्य. कुकर लावलाय, नंतर येते.

मी_अकराव्या_भागावर

अगं थांबा सगळ्या, माझे नऊ भाग राहिलेत 😭 धागा सेव्ह करून ठेवते. कोणीतरी एवढंच सांगा की जंग-ह्वानच्या भावाचं, जंग-बोंगचं ऑपरेशन नीट होतं ना, की तेही विसरले मी, झालं का ते आधीच?

खिडकीपाशी

@अकराव्या: तो अगदी ठणठणीत आहे, तू बघ निवांत.

दगडूचा_चहा

मी तेकच्या बाजूने आहे, माफ करा, पण कारण लिहितो. दोक-सनचं मन दाखवलं नाही असं वरती लिहिलंय, ते अर्धंच खरं आहे. मधला तो प्रसंग आठवा, गल्लीतला मित्र डोंग-र्योंग तिला विचारतो की तुला कोण आवडतं? आधी मैत्रिणी म्हणाल्या गल्लीतल्याच सन-वूला तू आवडतेस, तर ही सन-वूच्या प्रेमात. मग म्हणाल्या जंग-ह्वानला आवडतेस, तर ही जंग-ह्वानकडे बघायला लागली. घरात मधली मुलगी, वरची हुशार आणि तापट, खालचा मुलगा. तळलेलं अंडं त्या दोघांना, कोंबडीची तंगडी त्या दोघांना, हिच्या वाट्याला पंख. वाढदिवसाचा केकसुद्धा ताईच्याच केकवर भागवायचा. अशा मुलीला आपण कोणाला तरी आवडतो हेच एवढं मोठं वाटतं की आपल्याला कोण हवंय हा प्रश्नच तिला पडलेला नसतो. तो प्रश्न पहिल्यांदा डोंग-र्योंग विचारतो. माझ्यासाठी मालिका तिथे वळते. त्यानंतर ती ज्याची काळजी करते तो तेक आहे, ज्याला दह्याचं झाकण उघडता येत नाही, बुटाची नाडी बांधता येत नाही, गोळी घेतल्याशिवाय झोप लागत नाही.

आणि १९९४ची ती कॉन्सर्ट. जंग-ह्वान गाडी घेऊन निघतो, प्रत्येक सिग्नल लाल. तेक आपला 'गो'चा (पटावरचा खेळ) सामना सोडून आधीच तिथे पोचलेला. जंग-ह्वानला स्वतःलाच तेव्हा कळतं की दोष सिग्नलचा नव्हता, आपण कचरलो. लेखिकेने हे त्याच्याच तोंडून काढून घेतलंय, मग अन्याय कुठे झाला?

अर्धी_भाजणी

दगडूचा_चहा, पोस्ट फार आवडली. मधलीच आहे मी. केकचा प्रसंग बघताना टीव्ही बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहिले होते. आणि नंतर बाबा तिच्यासाठी वेगळा केक घेऊन गल्लीत बसतात आणि माफी मागतात, म्हणतात मीही पहिल्यांदाच बाप झालोय. आमच्याकडे अशी माफी कोणी मागितली नाही, पण ते वाक्य ऐकून थोडं सुटलं काहीतरी.

रच्याकने, अळूवडीला चिंच की लिंबू?

वाटीभर_साखर

चिंच-गूळ. लिंबाने घशात खवखवतं आमच्याकडे.

पेणची_लेक

आमच्याकडे कोरियन नाही, पाकिस्तानी मालिकेवरून वाजलं. २०१४ साली इथे 'जिंदगी गुलजार है' दाखवायला लागले तेव्हा सासूबाई, मी आणि नणंद तिघी रात्री बसायचो. जेमतेम २६ भाग, रोज रोज ओढत नेत नाहीत, याचंच आधी केवढं अप्रूप! सासूबाईंना झारून आवडायचा (फवाद खान, कोणाला आवडत नाही). नणंद मात्र त्याच्यावर कायम चिडलेली, म्हणायची बहिणीने काय घालावं, होणाऱ्या बायकोने कधी घरी यावं हे सगळं हा ठरवणार आणि शेवटी त्यालाच हिरो म्हणून आपल्या गळ्यात बांधणार. नायिका कशफ एवढी शिकलेली, सरकारी अधिकारी, बापाने मुलगा हवा म्हणून दुसरं लग्न केलेलं, आईने शाळेत नोकरी करून तिघी मुली वाढवलेल्या. ती घर सोडून आईकडे येते तेव्हा नणंदेने टाळी वाजवली होती. मग दिवस गेल्याचं कळतं आणि ती परत जाते. नणंद उठून आतच गेली.

तेव्हा सासूबाई माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "मीपण एकदा गेले होते माहेरी. हा पोटात होता म्हणून आले परत." हा म्हणजे माझा नवरा. त्या घरात लग्न होऊन मला नऊ वर्षं झाली होती, हे कोणालाच माहीत नव्हतं. पुढे त्यावर काही बोलणं झालं नाही, पण दुसऱ्या दिवशी नणंदेने त्यांच्या डोक्याला तेल लावून दिलं. त्या गेल्या आता. मालिका परत लागली तरी मी बघत नाही.

खिडकीपाशी

पेणची_लेक 🫂 कुकर झाला, आमटी करपली, पण हे वाचून झाल्याशिवाय उठले नाही.

तलवारीची_मैत्रीण

'ट्वेंटी फाइव्ह ट्वेंटी वन' कोणीच काढलं नाही?? २०२२ मध्ये आमच्या हॉस्टेलवर दोन तट पडले होते. नायिका ही-डोच्या मुलीचं आडनाव किम आहे, नायक यी-जिनचं बेक, म्हणजे लग्न झालेलं नाही हे सुरुवातीपासून समोर होतं, तरी आम्ही प्रत्येक आठवड्याला नवीन तर्क काढायचो की दत्तक असेल, नाव बदललं असेल, काहीही. शेवटी नाहीच. अमेरिकेत ११ सप्टेंबर होतं, तो वार्ताहर म्हणून तिथेच अडकतो आणि दोघं हळूहळू तुटतात.

मला तुटणं पटलं. पटलं नाही ते हे की मोठी झालेली ही-डो समुद्रावरची ती सहल आठवत नाही म्हणते. कसं आठवत नाही?! आमच्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर दिवस होता तो (म्हणजे तिच्या). माझी रूममेट म्हणाली की चाळिशीत खरंच आठवत नाही, आईला विचारून बघ. विचारलं. आई म्हणाली कॉलेजची सहल? कुठली? आणि तिच्या अल्बममध्ये माथेरानचे बारा फोटो आहेत.

दगडूचा_चहा

हे भारी आहे. म्हणजे लेखिका बरोबरच होती.

तलवारीची_मैत्रीण

नाही!! बरोबर असली तरी दाखवायचं नव्हतं 😤

सुवॉनहून

नमस्कार, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज लिहिते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथे सुवॉनला असतो. रिप्लायसाठी मुद्दाम संगमुन-डोंगला जाऊन आले, सोलच्या उत्तरेला आहे, मेट्रोची ४ नंबरची लाइन, स्टेशनचं नावच संगमुन. मालिकेतली गल्ली शोधू नका, सेट होता तो. पण डूली नावाच्या छोट्या डायनासोरचं म्युझियम आहे तिथे, मुलांना घेऊन जा.

इथल्या भाषावर्गातल्या बाईंना मी विचारलं होतं, तुम्ही कोणाच्या बाजूने? तर त्या म्हणाल्या तेव्हा इथे शब्दच तयार झाले होते, 'ऑनामर्यू' म्हणजे काही झालं तरी नवरा र्यू जुन-यॉलच (जंग-ह्वान), आणि दुसरा 'ऑनामतेक'. ऑफिसात, घरात, सगळीकडे. शेवटचा भाग १६ जानेवारी २०१६ला लागला तेव्हा केबल चॅनलवरच्या मालिकेला तोवर कधी मिळाला नव्हता इतका प्रेक्षक मिळाला, साधारण १९ टक्के. बाईंची तक्रार वेगळीच होती. मधेमधे चालू काळातली दोक-सन आणि तिचा नवरा बोलताना दिसतात, त्यातला नवरा जो दाखवतात (किम जू-ह्योक, २०१७ मध्ये अपघातात गेले बिचारे), तो बोलायला खवचट, अगदी जंग-ह्वानसारखा. तेक असा कधी बोलत नाही. म्हणजे फसवायला त्याचा स्वभाव बदलला, हे त्यांना अजून खुपतं.

वाटीभर_साखर

सुवॉनहून, तुमच्या बाईंना माझा नमस्कार सांगा!! हेच, हेच मी बहिणीला सांगत होते. कोडं घालायचं तर घाला, पण माणूस बदलून नाही.

गोत्र_काश्यप

दोक-सनची ताई बो-रा आणि सन-वूबद्दल कोणी बोललंच नाही. दोघांचं आडनाव सॉंग, मूळही एकच, म्हणून लग्नाला विरोध. माझ्या बायकोला आधी हे नाटकी वाटलं. मी म्हटलं, अगं आपलं काय झालं होतं? आमचं सगोत्र. कायद्याची अडचण आपल्याकडे १९४६ सालीच गेली, तरी आमच्या लग्नाच्या वेळी आत्याने गुरुजींना बोलावून दत्तकविधान करून गोत्र बदलायचा घाट घातला होता. कोरियात तो नियम घटनेत बसत नाही हे तिथल्या कोर्टाने १९९७ मध्ये सांगितलं आणि कायद्यातून तो २००५ मध्ये गेला. एवढं अलीकडे!

आणि बो-राच्या लग्नात बाबांच्या बुटात कागद कोंबलेला असतो, तिने आणलेले बूट मोठे झालेले असतात आणि ते सांगत नाहीत. नवरा कोण यावर सगळे भांडतात, माझ्या मते मालिकेचा खरा शेवट तो बूट आहे.

अर्धी_भाजणी

+१ बूट. बसमध्ये वाचतेय आणि डोळे भरून आले.

कोर्न_डॉग

'स्टार्टअप'. हान जी-प्यॉंग. अनाथ मुलाला ठेल्यामागच्या खोलीत ठेवून घेणारी ती आजी. म्हणते यशस्वी झालास तर भेटायला येऊ नकोस, अडचणीत असलास तर ये. पत्रं याने लिहिली, नाव दुसऱ्याचं. आणि मुलगी गेली नावाकडे. मला अधिक लिहायचं नाही 💔

शनिवार_रविवार

बायकोने हा धागा दाखवला म्हणून लिहितोय. आम्ही गेल्या वर्षी 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरीन्स' बघितली, मार्च २०२५ मध्ये चार आठवड्यांत चार-चार भाग आले. जेजू बेटावरची. त्यात एक जेवणाचा प्रसंग आहे, घरातली पुरुषमंडळी एका टेबलाला, बायका वेगळ्या. ग्वान-शिक काही बोलत नाही, नुसता वळतो. मोठ्यांकडे पाठ करून बायकोकडे तोंड करून जेवायला लागतो. बास.

बायकोने मालिका पॉज केली आणि मला विचारलं, तू वळला असतास का? लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत गावी आम्ही पुरुष पहिल्या पंगतीला आणि ही दुपारी साडेतीनला जेवली होती, तेही गार झालेलं. मला ते आठवत होतं. मी खरं उत्तर दिलं की तेव्हा नसतो वळलो. यंदा गावी मी दुसऱ्या पंगतीत वाढायला होतो आणि शेवटी हिच्याबरोबर बसलो. काका काही बोलले, ते सोडा.

तक्रार एकच, की त्यांचा धाकटा वादळात जातो ते नको होतं. मला स्वतःला लहान मुलगा आहे, दोन दिवस काही सुचलं नाही.

पेणची_लेक

शनिवार_रविवार, साडेतीनला 😔 वळलात ते बरं केलंत.

वाटीभर_साखर

सगळ्यांचे अनुभव वाचतेय, कामं पडलीत सगळी. दगडूचा_चहा, तुमचं सकाळपासून डोक्यात आहे. डोंग-र्योंगचा प्रसंग परत बघितला. पटतंय. पण जंग-ह्वानला कोणी भेकड म्हटलं की मला अजून लागतं, कारण सांगते.

तो सकाळी फाटकापाशी बुटाची नाडी बांधत वेळ काढतो ना, ती बाहेर पडेपर्यंत? आमचे बाबा मी कॉलेजला निघेपर्यंत स्कूटर पुसत बसायचे. स्वच्छ स्कूटर. मी बाहेर आले की म्हणायचे, "त्याच बाजूला चाललोय, बस." त्यांचं ऑफिस बरोबर उलट्या दिशेला होतं हे मला ते गेल्यावर आईकडून कळलं. एक शब्द कधी बोलले नाहीत ते. तेक बोलला म्हणून त्याचं प्रेम मोठं, आणि नाडी बांधणाऱ्याचं वाया गेलं, असं मी नाही म्हणू शकत. हे तेव्हा बहिणीला सांगता आलं नव्हतं.

तिला आत्ताच या धाग्याची लिंक पाठवली. निळ्या खुणा आल्यात. लिहीत काही नाहीये.

खिडकीपाशी

तीपण फाटकापाशी नाडी बांधत असेल ❤️

मी_अकराव्या_भागावर

मी सगळं वाचलं. सगळं. आता कळलं कोण ते. तरी बघणार. आणि वाटीभर_साखर, लोणच्याची वाटी परत करताना काय घालणार? आमच्याकडे कोथिंबीर फार झालीय, वड्यांचं प्रमाण कोणी देईल का, बेसन किती?

अर्धी_भाजणी

एक जुडीला वाटीभर बेसन, दोन चमचे तांदळाची पिठी, पाणी अगदी बेताने. वाफवून पूर्ण गार होऊ दे, मगच काप.